रायगडाची जाळी : संगणकांतील त्रिमिती प्रतिकृति बाहेर पाठवितांना

दिवाळीची सुटी लागली म्हणजे महाड-पोलादपूरच्या प्रत्येक आळींत किल्ले बांधण्याची लगबग सुरू होते. दगड-विटा रचावयाच्या, त्यांवर जुनें पोतें टाकून तांबडी माती थापावयाची, उतारावर अळीव पेरावयाचे, आणि माथ्यावर सिंहासन मांडून त्यावर महाराजांची मूर्ति बसवावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या किल्ल्यास कोणी माप विचारीत नाहीं. पहाऱ्यावरील मावळा महाद्वाराहून उंच असला तरी पाहणाऱ्याच्या आनंदांत उणेपणा येत नाहीं. कारण तो किल्ला ज्या अंगणांत जन्मतो त्याच अंगणांत राहतो आणि सुटी संपली कीं मातीस मिळतो.

आतां हाच किल्ला संगणकावरही बांधतां येतो. हा दुसरा किल्ला मात्र एके जागीं स्वस्थ बसत नाहीं. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो, छपाईच्या यंत्रांतून प्लास्टिकचा होऊन बाहेर पडतो, खेळांत शिरतो, अगर एखाद्या अभियंत्याच्या टेबलावर जाऊन डोंगराचा उतार मोजण्याच्या कामीं येतो. प्रवासास निघणाऱ्यानें शिदोरी व पत्ता घेतल्यावांचून निघूं नये. त्याचप्रमाणें या किल्ल्यानेंही आपलें माप, आपली दिशा व आपली जागा बरोबर घेतल्यावांचून घर सोडूं नये. तीं न घेतल्यास कोणते घोटाळे होतात व ते कसे टाळावे, हें रायगडाचें उदाहरण घेऊन येथें सांगण्याचें योजिलें आहे. रायगड महाड तालुक्यांतच, महाड शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. ६ जून १६७४ रोजीं तेथें श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच आहे. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें तो पुन्हां लागणार आहे.

प्रथम संगणक डोंगर कसा ओळखतो तें पाहूं. सावित्रीच्या खाडींत मासे धरणाऱ्या कोळ्याचें जाळें डोळ्यांपुढें आणावें. त्यांत गांठी असतात, आणि गांठींना जोडणारे दोरे असतात. तें जाळें एखाद्या मोठ्या धोंड्यावर पसरलें तर तें धोंड्याचा आकार घेतें. मग धोंडा काढून घेतला, आणि जाळें मात्र तसेंच ताठ राहिलें अशी कल्पना केली, तर जें उरेल तीच संगणकांतली त्रिमिती प्रतिकृति. तिला जाळी अथवा मेश म्हणतात. प्रत्येक गांठ म्हणजे एक बिंदु, आणि प्रत्येक बिंदूस तीन आंकडे: पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती, आणि वर किती. तीन-तीन बिंदु जोडून त्रिकोण होतात व त्या त्रिकोणांचें मिळून डोंगराचें कातडें होतें. संगणकापाशीं याहून अधिक कांहीं नसतें: एक बिंदूंची यादी आणि एक त्रिकोणांची यादी.

हे आंकडे कोठून आणावयाचे? सन २००० च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेच्या 'एंडेव्हर' या अंतराळयानानें अकरा दिवसांच्या फेरींत रडारच्या साहाय्यानें पृथ्वीवरील बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्या मोजणीचे तक्ते आज कोणासही विनामूल्य मिळतात, आणि त्यांत साधारणतः दर ३० मीटरांवर एक उंची दिलेली आहे. रायगडाभोंवतालचा ६ किलोमीटर लांब व ६ किलोमीटर रुंद असा चौरस घेतला, तर प्रत्येक बाजूस २०० घरें पडतात. घरें २०० म्हणजे गांठी २०१. तेव्हां एकंदर बिंदु २०१ गुणिले २०१, म्हणजे ४०,४०१ झाले, आणि दर घरास दोन याप्रमाणें त्रिकोण ८०,००० झाले. हाताशीं साधा संगणक असला तरी एवढें ओझें तो सहज उचलतो.

पण येथेंच पहिला खड्डा आहे. त्या तक्त्यांत बिंदूची जागा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत दिलेली असते, आणि उंची मीटरांत. एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर. म्हणून आपला ६ किलोमीटरांचा चौरस अंशांच्या हिशेबानें अवघा ०.०५५ च्या सुमाराचा होतो, तर गडाची उंची मात्र ८२० राहते. दोन्ही आंकडे एकाच मापाचे समजून जाळी विणली, तर रायगडाच्या जागीं आकाशांत गेलेली एक सुई उभी राहते. यासाठीं अंशांचे मीटर करून घेणें हें पहिलें काम. त्यांतही एक बारकावा आहे. आपल्या अक्षांशावर एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, उत्तर-दक्षिण सुमारें ३०.७ मीटर भरतो, परंतु पूर्व-पश्चिम सुमारें २९.४ मीटरच भरतो. कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जातांना एकमेकींच्या जवळ येत जातात. दोहोंस एकच गुणक लाविला तर गड आडवा ताणला जाईल.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जाळीचें रूप तीन प्रकारें पालटतां येतें: ती लहान-मोठी करतां येते, फिरवितां येते, आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं सरकवितां येते. विद्यार्थ्यांची अशी समजूत असते कीं, पडद्यावर डोंगर फिरविला म्हणजे त्याचे चाळीस हजार बिंदु खरोखर फिरले. तसें घडत नाहीं. शिंप्याकडे सदरा टाकला असतां तो लगेच कापडावर कात्री चालवीत नाहीं. 'बाही दोन बोटें आंखूड, गळा किंचित् मोठा' असें वहींत टिपून ठेवतो. संगणकही तसेंच करतो. मूळ बिंदूंची यादी तो तशीच ठेवतो आणि जाळीला एक चिठ्ठी जोडतो: 'ही इतकी सरकवून, इतकी फिरवून, इतकी लहान करून दाखवावी.' आपण पडद्यावर जें पाहतों तें कापड आणि वही या दोहोंचें मिळून असतें. वही व कापड एकत्र आहेत तोंवर काम बिनचूक होतें. तेंच कापड वहीवांचून दुसऱ्या शिंप्याकडे गेलें, तर तो सदरा मूळ मापाचाच शिवणार. आणि दोष त्याचा नव्हे.

प्रतिकृति बाहेर पाठविणें, म्हणजे तिची निर्यात करणें, म्हणजे कापड दुसऱ्या शिंप्याकडे धाडणें होय. कोणत्या थैलींत तें घालून पाठवितों यावर वही बरोबर जाते कीं मागें राहते तें ठरतें. छपाईच्या यंत्रांसाठीं एसटीएल या नांवाची थैली फार चालते. तींत केवळ त्रिकोण मावतात. चिठ्ठीला जागा नाहीं, आणि आंकडे मीटर आहेत कीं मिलिमीटर हें सांगण्याचीही सोय नाहीं. ओबीजे नांवाच्या जुन्या थैलींतही चिठ्ठी जात नाहीं. याउलट जीएलटीएफ या अलीकडच्या थैलींत जाळी, चिठ्ठी आणि एकाला दुसरें जोडलेलें असल्याची वंशावळ, असें सर्व जातें, आणि त्यांतील अंतरें मीटरांतच समजावीं असा नियम ठरलेला आहे. म्हणून पाठविणाऱ्यानें प्रथम हा प्रश्न स्वतःस विचारावा: माझी चिठ्ठी या थैलींत मावते काय?

मावत नसेल, तर चिठ्ठींतील मजकूर कापडांत उतरविला पाहिजे. चिठ्ठीवरील गुणाकार, फिरविणें व सरकविणें प्रत्येक बिंदूस प्रत्यक्ष करून नवे आंकडे यादींत लिहावयाचे, आणि चिठ्ठी कोरी करून टाकावयाची. कैरीच्या फोडींत मीठ मुरवितात त्याप्रमाणें चिठ्ठी जाळींत मुरवावयाची असें म्हटलें तरी चालेल. मीठ मुरल्यावर बरणींत वेगळें दिसत नाहीं, पण प्रत्येक फोडींत तें असतें. ब्लेंडर नांवाची जी विनामूल्य संगणक-प्रणाली आहे तींत या क्रियेसाठीं एक स्वतंत्र आज्ञाच दिलेली आहे. तेथें चिठ्ठी कोरी झाल्याची खूण अशी: सरकविण्याचे व फिरविण्याचे आंकडे शून्य, आणि प्रमाणाचे तीनही आंकडे एक. मुरविण्यापूर्वीं मूळ प्रतिकृतीची एक प्रत निराळी ठेवावी. कारण मुरलेलें मीठ पुन्हां काढतां येत नाहीं.

चिठ्ठीवरील क्रियांचा क्रम हाही महत्त्वाचा आहे. समजा, एक मुलगा आरंभबिंदूपासून पूर्वेस २ पावलांवर उभा आहे. त्याची जागा (२, ०). आरंभबिंदूभोंवतीं त्यास डावीकडे काटकोनांत फिरविलें, तर तो उत्तरेस २ पावलांवर जाईल, म्हणजे (०, २). मग पूर्वेस ३ पावलें सरकविलें तर (३, २). आतां क्रम उलटा करूं. आधीं सरकविला तर (५, ०). मग फिरविला तर (०, ५). त्याच दोन क्रिया, तोच मुलगा, परंतु उत्तरें दोन. दहास पांच मिळविले काय किंवा पांचास दहा मिळविले काय, बेरीज एकच येते, ही पाटीवरची संवय येथें उपयोगी नाहीं. यास्तव बहुतेक प्रणालींनीं एक क्रम मानला आहे: प्रथम लहान-मोठें करणें, मग फिरविणें, शेवटीं सरकविणें. जो स्वतः गणित लिहून जाळी पालटतो त्यानें हाच क्रम पाळावा.

चिठ्ठीवर चिठ्ठी असली म्हणजे गुंता आणखी वाढतो. गडाच्या डोंगराची एक जाळी आणि त्यावरील जगदीश्वराच्या मंदिराची दुसरी जाळी केली, व मंदिर डोंगरास जोडलें, अशी कल्पना करा. मंदिराच्या चिठ्ठींत 'डोंगराच्या आरंभबिंदूपासून पूर्वेस ४०० मीटर' असें आहे, आणि डोंगराच्या चिठ्ठींत 'सर्व २,००० पटीनें लहान' असें आहे. पडद्यावर मंदिर २० सेंटिमीटरांवर दिसेल आणि त्याच प्रमाणांत लहानही दिसेल. कारण बापाची चिठ्ठी लेकरालाही लागू असते. पण एकटें मंदिर निवडून, केवळ त्याचीच चिठ्ठी मुरवून तें बाहेर पाठविलें, तर बापाची चिठ्ठी घरींच राहिली. मंदिर ४०० मीटर दूर, आणि डोंगराच्या प्रमाणाहून दोन हजार पट थोर! म्हणून मुरवितांना मुळापासून पानापर्यंतच्या सर्व चिठ्ठ्यांचा एकत्र गुणाकार करून तो लाविला पाहिजे.

आतां छपाईच्या यंत्राचा हिशेब मांडूं. आपली जाळी मीटरांत आहे, म्हणजे चौरसाची बाजू ६,००० या आंकड्यानें लिहिलेली आहे. एसटीएल थैलींत माप नसतें. छपाईचीं यंत्रें त्यांतील आंकडे बहुधा मिलिमीटरच समजतात. तीं ६,००० मिलिमीटर, म्हणजे सहा मीटर रुंदीचा गड मागतील, आणि तो यंत्रांत मावणार नाहीं. आपणांस २० सेंटिमीटर बाजूचा गड हवा असला, तर ६,००० चे २०० झाले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक आंकड्यास ३० नें भागिलें पाहिजे. ही प्रतिकृति १ : ३०,००० या प्रमाणाची झाली. त्याच भागाकारानें ८२० मीटरांचे सुमारें २७ मिलिमीटर होतात. अर्थात् हातभर रुंदीसही न पोंचणाऱ्या पाटावर जेमतेम बोटभर रुंदीइतका उंच रायगड!

हें पाहून पुष्कळांचा विरस होतो, आणि उंची तेवढी दुप्पट करावी असा मोह पडतो. शोभेसाठीं तसें करण्याची रीत जगभर आहे व तींत गैर कांहीं नाहीं. परंतु तिचा परिणाम काय होतो तें समजून घेतलें पाहिजे. २० अंशांचा उतार, उंची दुप्पट केली असतां ४० अंशांचा होत नाहीं. तो सुमारें ३६ अंशांचा होतो. ३५ अंशांचा उतार ७० चा न होतां सुमारें ५४ अंशांचा होतो. त्रिकोणमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं स्पर्शकाचें कोष्टक उघडून हें स्वतः पडताळावें. म्हणजे सगळे उतार सारख्याच प्रमाणानें वाढत नाहींत. खरा उतार किती होता तें नुसतें पाहून कोणासही सांगतां येत नाहीं.

आपल्या तालुक्यांत ही गोष्ट केवळ हौसेची नाहीं. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई, कोंडिवते व रोहण येथें दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये गांवावर डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्याच दिवशीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं माणसांचा बळी घेतला. पाऊस, माती, खडक, झाडोरा अशीं दरडीचीं कारणें अनेक असतात. पण उतार हें त्यांतलें एक मुख्य कारण, आणि वस्तीमागचा डोंगर किती उभा आहे हें पाहण्यासाठीं आज अशाच जाळ्या वापरतात. शोभेसाठीं उंची दुप्पट केलेली जाळी कोणी चिठ्ठी मुरवून, कांहीं एक खूण न ठेवतां पुढें धाडली, आणि ती उतार मोजणाऱ्याच्या हातीं पडली, तर सुरक्षित वाडी धोक्याची ठरेल. उलट, कोणी उंची दाबून सपाट केलेली असली, तर धोक्याची वाडी सुरक्षित ठरेल. आणि ही दुसरी चूक पहिलीहून भयंकर. म्हणून नियम असा करावा: मोजमापाच्या प्रतींत उंचीचें प्रमाण कधींही वेगळें ठेवूं नये, शोभेची प्रत निराळी काढावी, आणि तिच्या नांवांतच 'उंची दुप्पट' असें लिहावें.

असमान ताणण्याचा आणखी एक सूक्ष्म दोष आहे. त्रिकोणाचें तोंड कोणीकडे आहे हें संगणकास कळावें म्हणून प्रत्येक पृष्ठावर एक लंब उभा केलेला असतो. उजेड कोठें पडावा, सावली कोठें, हें तो लंब ठरवितो. ४५ अंशांच्या उतारावर चढाची दिशा (१, १) व लंबाची दिशा (−१, १) असते. उंची दुप्पट केली म्हणजे चढ (१, २) होतो. लंबासही तोच नियम लाविला तर तो (−१, २) होईल. पण हा नव्या चढाशीं काटकोन करीत नाहीं. काटकोनाची कसोटी अशी कीं, समोरासमोरचे आंकडे गुणून बेरीज शून्य यावी. येथें −१ आणि ४ मिळून ३ येतात. लंबाची उंची दुप्पट न करितां निम्मी केली, तर (−१, ½) होतो, आणि −१ व १ मिळून शून्य येतें. तात्पर्य, बिंदु ज्या दिशेनें ताणले त्या दिशेनें लंब तितक्याच पटीनें आखडला पाहिजे. चांगली प्रणाली हें स्वतः करते; परंतु निर्यातीनंतर डोंगरावर नसत्या जागीं काळोखी दिसूं लागली तर दोष येथें शोधावा.

यानंतर दिशेचा घोटाळा. सर्व प्रणाली वरची दिशा एकाच अक्षानें दाखवीत नाहींत. ब्लेंडरमध्यें तिसरा अक्ष वर जातो. जीएलटीएफ थैलींत दुसरा अक्ष वर जातो. एकीकडून दुसरीकडे जातांना अक्ष न बदलल्यास गड कुशीवर निजलेला दिसतो. हें पाहून कित्येक जण दुसरा व तिसरा आंकडा यांची नुसती अदलाबदल करतात. गड उभा राहतो आणि काम साधलें असें वाटतें. पण तो आतां आरशांतला गड झालेला असतो. रायगडाच्या पश्चिमेस हिरकणी बुरूज, उत्तरेस टकमक टोक, पूर्वेस भवानी टोक आणि दक्षिणेस श्रीगोंदे टोक आहे. नुसत्या अदलाबदलीनें हिरकणी पश्चिमेसच राहतो, मात्र टकमक टोक दक्षिणेस जातें. असा गड कितीही फिरविला तरी सरळ होत नाहीं, जसा उजव्या पायाचा जोडा कितीही फिरविला तरी डाव्या पायाचा होत नाहीं. गड बांधणारा हिरोजी इंदुलकर याचें नांव जेथें पायरीवर कोरलेलें आहे, तो लेख अशा प्रतिकृतींत आरशांतल्यासारखा उलटा वाचावा लागेल. योग्य रीति अशी: पहिला आंकडा तसाच, तिसरा आंकडा दुसऱ्याच्या जागीं, आणि दुसरा आंकडा चिन्ह बदलून तिसऱ्याच्या जागीं. त्या एका उणे चिन्हांत सारें मर्म आहे. त्यामुळें आरसा न होतां गड नुसता काटकोनांत फिरतो.

आरशाचा हाच दोष चिठ्ठींत उणे प्रमाण असल्यानेंही येतो. तटाचा एक बुरूज करून, दुसरा बुरूज त्याचाच उलटा काढावयाचा असला म्हणजे विद्यार्थी प्रमाणाच्या जागीं −१ लिहितात. हें मुरविलें कीं प्रत्येक त्रिकोणाचे बिंदु उलट्या फेऱ्यानें येतात. बाहेरून पाहतां बिंदु घड्याळाच्या कांट्याच्या विरुद्ध फेऱ्यानें आले तर तें तोंड बाहेरचें, असा संकेत आहे. फेरा उलटला कीं बाहेरची बाजू आंतली होते. मग बुरूज उलट्या घातलेल्या सदऱ्यासारखा दिसतो, आणि छपाईचें यंत्र भरीव कोणतें व पोकळ कोणतें यांत गोंधळतें. उणे प्रमाण मुरविल्यावर त्रिकोणांचीं तोंडें पुन्हां बाहेर वळवून घेणें हाच त्यावर उपाय.

शेवटची गोष्ट मोठ्या आंकड्यांची. पृथ्वीचे नकाशे मीटरांत काढण्यासाठीं तिचे उभे पट्टे पाडले आहेत. आपण ४३ व्या पट्ट्यांत येतों. या पद्धतींत उत्तरेचें अंतर विषुववृत्तापासून मोजतात, आणि महाड-रायगडचा प्रदेश तेथून सुमारें वीस लक्ष मीटरांवर आहे. जाळीच्या थैल्यांत आंकडा लिहावयास ठराविक जागा असते. त्या जागेंत साधारण सात अंक खरे मावतात. वीस लक्ष लिहितांनाच सात अंक संपले, तर मिलिमीटर लिहावयाचे कोठें? सूक्ष्म हिशेब केला असतां वीस लक्षांच्या घरांत दोन लगतच्या आंकड्यांमधील अंतर साडेबारा सेंटिमीटर भरतें. म्हणजे पायरीच्या दगडाचे कोपरे साडेबारा सेंटिमीटरांच्या टप्प्यांवरच बसूं शकतात. त्यांमधली जागा त्यांस नाहीं. पायऱ्या वांकड्या होतात, भिंतींस दांते पडतात, आणि कोरलेलीं अक्षरें पुसून जातात. यावर उपाय सोपा आहे. गडावरील एखादा ठळक बिंदु, जसें जगदीश्वराचें मंदिर, आरंभबिंदु मानावा. त्याचे मोठे आंकडे सर्व बिंदूंतून वजा करावे, आणि वजा केलेले आंकडे निराळ्या कागदावर जपून ठेवावे. तो कागद हरवला तर प्रतिकृति सुबक राहील, पण ती पृथ्वीवर कोठें आहे हें सांगतां येणार नाहीं.

एवढें सर्व केल्यावरही पाठविलेली थैली दुसऱ्या प्रणालींत उघडून पाहिल्यावांचून काम पुरें झालें असें मानूं नये. तपासणीसाठीं एक साधी युक्ति सुचवावीशी वाटते. जाळीच्या ईशान्य कोपऱ्यांत 'क' हें अक्षर उभें करावें, आणि त्याची उंची ठरवून, समजा १०० मीटर, लिहून ठेवावी. चौकोनी ठोकळा ठेवूं नये. ठोकळा आरशांतही ठोकळाच दिसतो. 'क' निजलेला दिसला तर अक्ष चुकला. उलटा दिसला तर आरसा झाला. दुसऱ्या कोपऱ्यांत गेला तर फिरविण्यांत चूक झाली. त्याची उंची १०० मीटर न भरतां दुसरी कांहीं भरली तर प्रमाण चुकलें. तो फुगीर किंवा लुकडा दिसला तर ताण असमान झाला. एकाच अक्षरांत पांच परीक्षा होतात.

पालकांच्या मनांत असा प्रश्न येणें साहजिक आहे कीं, एवढा खटाटोप कशासाठीं, आणि त्यास खर्च किती? खर्चाचें उत्तर सोपें आहे. ब्लेंडर ही प्रणाली सन २००२ पासून सर्वांस मुक्त आहे, आणि उंचीचे तक्तेही विनामूल्य आहेत. शाळेंतील संगणक व थोडी चिकाटी पुरते. खटाटोपाचें उत्तर अधिक गंभीर आहे. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा निषेध केलेला आहे. बाजारांतला तराजू सर्वांस दिसतो, म्हणून त्यावर सर्वांची नजर असते. संगणकांतील माप कोणास दिसत नाहीं. डोंगर सुंदर दिसला कीं तो खरा असावा असें मन मानूं लागतें. ज्यानें ती जाळी विणली त्याच्या सचोटीवांचून दुसरा पहारेकरी तेथें नसतो. आपल्या मुलांपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी भूगर्भाचा अभ्यासक होईल, आणि एखादे दिवशीं सह्याद्रीच्या कुशींतली एखादी वाडी हलवावी कीं ठेवावी याचा निर्णय त्याच्या जाळीवरून होईल. त्या दिवशीं उपयोगीं पडणारी संवय आज रायगडाची प्रतिकृति करतांनाच अंगीं बाणवावी: चिठ्ठी वाचावी, क्रम पाळावा, माप लिहावें, दिशा तपासावी, आणि दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं आपण स्वतः एकदां मोजून पाहावें.